कयाधूच्या पल्याड

शिरड शहापूर
८ डिसेंबर २०२५

चि. विजयकुमार यास आक्काचा सप्रेम जयभीम अन् पोटभर आशीर्वाद.

फोनवर मला आता धड ऐकू येत न्हाई, म्हणून पत्र. तुझे दाजी कयाधूच्या पुरात गेले, असं समदे म्हणतात. पण सापडले का? प्रमोदनं नदीकाठच्या घराला कुलूप लावून मला इथं आणलं. लेक-सून चांगले हायेत, तकलीफ कशाची न्हाई, पण इथून नदी दिसत न्हाई. प्रमोद पुढल्या महिन्यात दाजींचं पुण्यानुमोदन करायचं म्हणून राहिला, मेल्यामागचा कार्यक्रम. माझं मन धजत न्हाई.

तू ड्रॉइंग मास्तर. जिंदगी पोरांकडून आंबे-केळी काढून घेण्यात घातलीस. एकदा बहिणीसाठी काढ. ते नदीत उतरले ती जागा काढ.

तुझी माया हाय, ती तशीच राहू दे.
रुक्माआक्का

हिंगोली
२१ डिसेंबर २०२५

ती. आक्कास विजयचा सविनय जयभीम.

चित्र सोबत आहे. चार दिवस सकाळी नदीवर गेलो. धुकं असं की हात लांब केला तर बोटं दिसेनात. कागद आधी भिजवला, त्यावर राखाडी-निळा रंग सोडला अन् तो जाईल तिकडं जाऊ दिला. धुकं रंगानं काढता येत नाही, तिथं कागद कोराच सोडावा लागतो. थंडीत रंग वाळेना, माझं नाकही वाळेना.

दाजींचा विषय निघाला की मला बोलवत नाही. आक्का, जेवत जा.

लहान भावावर लोभ ठेव.
विजय

शिरड शहापूर
२९ डिसेंबर २०२५

चि. विजयकुमार यास आक्काचा जयभीम व आशीर्वाद.

चित्र पोचलं. सून म्हणाली, मामांनी कागदावर पाणी सांडलं काय? नदी कुठं अन् आभाळ कुठं, मलाबी पत्ता लागेना. पण पल्याडच्या बाभळीखाली माणूस उभा हाय, तो बराबर दिसला. तू काही बोलला न्हाईस, पण काढलास.

मी प्रमोदला सांगून टाकलं, कार्यक्रम होणार न्हाई. जित्या माणसाचं पुण्यानुमोदन कोण करते? तो चिडला, मंग रडला. चित्र माझ्या खाटेसमोर लावलं हाय. कैक दिवसांनी झोप लागली.

ख्यालीखुशाली कळवीत जा.
तुझी आक्का

हिंगोली
६ जानेवारी २०२६

ती. आक्कास विजयचा जयभीम.

प्रमोदचा फोन आला होता. भन्तेंना सांगून झालंय, पाहुण्यांना निरोप गेलेत. मामा, आईला तुमीच समजवा म्हणाला. दोन दिवस कागद पुढं घेऊन बसलो. खोटं लिहावं असंही वाटलं, कारण तुला झोप लागली हे वाचून मी रडलो होतो.

आक्का, बाभळीखाली कुणी नाही. कागद ओला असताना ब्रशचा थेंब पडला अन् रंग पसरला. पुसायला गेलो असतो तर सगळं बिघडलं असतं, म्हणून राहू दिला. मी त्या काठावर रोज वाट पाहिली. कुणी आलं नाही.

रागावलीस तरी चालेल, पण मला तोडू नकोस.
विजय

शिरड शहापूर
१२ जानेवारी २०२६

चि. विजयकुमार यास आक्काचा जयभीम व आशीर्वाद.

तुला काहून तोडू? येडा हाईस. तो डाग ताठ उभा हाय. तुझे दाजी कवा ताठ उभे राहिले? बैलानं पाडल्यापासून कमरेत वाकूनच चालायचे. एवढी वर्षं त्यांच्या मागून चालले मी. ते न्हाईत, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण कार्यक्रम झाला की समदे म्हणतील, झालं. मंग मी कुणाची वाट पाहू? मला अजून थोडे दिवस पाहिजे होते, अन् तुझ्या चित्रानं ते दिले.

प्रमोदला म्हणलं, ठरलेलीच तारीख राहू दे. येत्या रविवारी हाय. तू आदल्या दिवशी ये. दाजींच्या फोटोला पहिला हार बायकोनं घालावा म्हणतात, माझा हात उठणार न्हाई. तू माझा हात धर अन् हार घालवून घे.

वाट पाहते.
तुझी रुक्माआक्का