हात न हलवता

प्रिय ठकू,

इस्पितळातल्या वॉर्डातून माझी बदली झाली, हे तुला कळलेलं नसणार. दीड वर्ष झालं, मी मागच्या इमारतीत असते. तिथे माणसाच्या मेंदूवर संशोधन चालतं. आतलं मशीन म्हणजे एक अजस्र लोहचुंबक, त्याच्याजवळ टाचणीसुद्धा नेता येत नाही. त्यामुळे आत जाणाऱ्याच्या अंगावर धातूचा कणही राहू द्यायचा नाही, हे माझं काम. घड्याळ, पट्टा, अंगठ्या, केसांतले आकडे, सगळं उतरवून घ्यायचं आणि नंबर लावलेल्या डब्यात ठेवायचं. परवा एका गृहस्थांच्या कमरेला सेफ्टी पिन निघाली, बटण तुटलं म्हणून लावलेली. ती मी काढून घेतली आणि बिचारे दोन्ही हातांनी पँट धरून आत गेले. सगळे मला मावशी म्हणतात. वॉर्डातल्यासारखी पायपीट नाही, गुडघे बरे आहेत.

तिथल्या मोठ्या बाई आठवणीचा अभ्यास करतात. जन्मभराच्या आठवणींचा नाही. कुणी फोन नंबर सांगितला की लिहून घेईपर्यंत आपण तो तोंडातल्या तोंडात घोळवत राहतो ना, तसल्या घडीभराच्या आठवणीचा. तिला त्या कार्यस्मृती म्हणतात. डोक्याचा जो भाग राबतो तिकडे रक्त जास्त धावतं आणि मशीन नेमकं तेच टिपतं. एवढं मला समजलंय, पुढचं माझ्या डोक्यावरून जातं.

गेल्या वर्षी एक मुलगी आली, साधारण तुझ्याच वयाची. मी नेहमीसारखं म्हटलं, घड्याळ काढ गं. तिने माझ्या ओठांकडे पाहिलं आणि मला कळलं. तू अशीच बघायचीस. बरोबर तिची दुभाषी होती. मुलीने कानातलं यंत्र स्वतःच काढून माझ्या तळहातावर ठेवलं. ते अजून कोमट होतं. तुझं यंत्र मी किती वर्षं असंच हातात घेतलं होतं.

दुभाषीने मला सगळं समजावलं. आतल्या पडद्यावर एकामागून एक हातांच्या खुणा दाखवतात, मग बारा सेकंद पडदा कोरा. तेवढा वेळ त्या खुणा डोक्यात धरून ठेवायच्या आणि विचारलं की बटण दाबून उत्तर द्यायचं. अट एकच, तोवर हात हलवायचे नाहीत. मी न राहवून विचारलं, हात न हलवता ही पोर लक्षात ठेवणार कशी? दुभाषीने माझा प्रश्न खुणांनी तिला सांगितला. तिने हसत उत्तर दिलं. दुभाषी म्हणाली, "ती म्हणतेय, मला लहानपणापासून सवय आहे."

मी डबा घेऊन बाहेर आले आणि बाकावर बसले.

ठकू, तुझ्या शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं की हातांनी बोलायची सवय लागली तर मुलगी तोंडाने कधी बोलणार नाही. मी ते ब्रह्मवाक्य मानलं. तहान लागली की तू अंगठा ओठांशी न्यायचीस. मी पाण्याचा ग्लास हातात धरून उभी राहायचे, तू 'पाणी' म्हणेपर्यंत. 'पा' कसाबसा घशातून यायचा, 'णी' यायचाच नाही. बाबा म्हणायचे, अगं, दे ना तिला, तुझ्या जिद्दीपायी पोर तहानेली राहील. मी त्यांनाही गप्प केलं. शेवटी तू मागायचंच सोडलंस. आणि मी शेजारणीला कौतुकाने सांगितलं, आता कशी शहाण्यासारखी हात आवरून बसते.

त्या अभ्यासाला तुझ्यासारखी एकोणीस माणसं आली. चित्र काही लगेच दिसत नाही, सगळ्यांचं मिळून जुळवायला आठ महिने गेले. दोन महिन्यांपूर्वी मोठ्या बाईंनी मला आत बोलावलं. म्हणाल्या, "मावशी, तुम्ही त्या दिवशी प्रश्न विचारला होतात. बघा." पडद्यावर अक्रोडाच्या अर्ध्या फाकेसारखा करडा मेंदू होता आणि त्यात नारिंगी ठिपके पेटलेले. त्यांनी एका ठिपक्यावर पेन्सिल ठेवली. म्हणाल्या, हे ते बारा सेकंद, समोर काही नाही, हात अगदी स्थिर. आणि हा भाग हाताची हालचाल ठरवताना कामाला लागतो. मी विचारलं, म्हणजे ती आतल्या आत खुणा करत होती? बाई म्हणाल्या, "इतकं छातीठोकपणे नाही सांगता येणार. पण ही माणसं हातांच्या वाटेनेच त्या आठवणी धरून ठेवत असावीत, असं दिसतंय."

वॉर्डात मी माणसं जन्मताना पाहिली, जाताना पाहिली, पण इतकी थक्क मी कधीच झाले नव्हते. कोऱ्या पडद्यासमोर, लाकडाच्या ओंडक्यासारखं निपचित पडलेलं माणूस, आणि आत एवढी लगबग. बाईंनी खोलीतला दिवा लावला, तरी मी बघतच होते. तू टेबलाशी गप्प बसायचीस तेव्हा तुझ्या आत काय काय चाललेलं असेल. मला वाटायचं, हात थांबले म्हणजे खुणा गेल्या. तुझं बोलणं मी बंद केलंच नव्हतं गं, ते माझ्या हातात नव्हतंच. मी फक्त ते माझ्यापर्यंत येऊ दिलं नाही.

सहा आठवड्यांपूर्वी तुझा निरोप आला. मुलगी झाली, तीन किलोची. खाली लिहिलं होतंस, 'आमच्या घरात सगळे हातांनीच बोलतात. तुला चालणार असेल तरच ये.' मी उत्तर दिलं नाही. तुला वाटलं असेल, आई रुसली. रुसले नव्हते, तयारी करत होते. त्याच दुभाषीकडे आठवड्यातून तीन संध्याकाळी मी शिकायला जाते. वर्गात सगळ्यांत म्हातारी मीच आणि सगळ्यांत ढसुद्धा मीच. बोटं वळत नाहीत, घरी आरशासमोर घोकते. बाळ, भूक, झोप एवढं येतं. 'माझं चुकलं' ही खूण मी पहिल्याच दिवशी मागून घेतली. येत्या रविवारी येऊ का? माझ्यासाठी तोंडाने बोलायचा त्रास घेऊ नकोस, हातांनीच बोल. फक्त जरा हळू बोल. मला अजून एका वेळी तीनच खुणा धरता येतात, चौथी आली की पहिली निसटते.

तुझीच,
आई