मायचा सगळ्याले ‘हो’

पुणे,
४ जुलै २००३

चि. अश्वजित यास,
स. जयभीम, वि. वि.

तू एकोडीहून पाठवलेली शब्दांची कार्डं मिळाली. साकोलीच्या मास्तरांचं स्थळ नाकारून मी इथे बोलींच्या शब्दकोशाच्या नोकरीवर आले, तेव्हापासून माय माझ्याशी बोलत नाही. माझ्या शब्दांना मात्र तुझ्यामार्फत उत्तर देते, यावर मी सध्या भागवते आहे.

आता काम जरा किचकट आहे. एखादा शब्द नामाच्या आधी बसला म्हणून आमच्याकडे त्याला लगेच विशेषणात घालत नाहीत. ‘गावरान कोंबडा’ यातलं गावरान खरं विशेषण, कारण कोंबडा गावरान आहे असंही आपण म्हणतो. ‘रान भाजी’ यातलं रान मात्र नामच. भाजी फार रान आहे, असं इकडे कोणी म्हणत नाही. ते नुसतं शेजाराला बसलेलं असतं. आपल्या झाडीबोलीत काय म्हणतात ते मायला विचार. भाजी रान आहे, मासा तलाव आहे, असं चालतं का?

हा भाग नीट झाला तर मला कायम करतील. नाही झाला तर सामान बांधून एकोडीला यायचं आहे. धानाच्या रोवणीत पाठ सांभाळ. मायला जयभीम सांग, घेतला तर.

तुझी ताई,
हर्षा

एकोडी,
१३ जुलै

ति. ताईस,
सा. जयभीम, वि. वि.

रोवना जोरात चालू हाये. माय धानाच्या बांधीतून आली तवा इचारलं. सगळ्याले हो म्हनते. भाजी रान हाये चालते, मासा तलाव हाये तेही चालते. मी म्हटलं, मी तर कधी आयकलं नाही. तर म्हने, तू रेडिओ आयकत रायते, तुले काय समजते. मंग तसंच लिवून पाठवून राहिलो. काहून इचारून राहिली म्हनून तिनं इचारलं, तर तुह्या नोकरीचं हाये एवढं सांगितलं.

जीव लावतेस तसाच लावत जा.

तुहा,
अश्वजित

पुणे,
२१ जुलै

चि. अश्वजित,
स. जयभीम.

संपादकांनी कार्डं पाहिली. म्हणाले, यावरून तुमच्या झाडीत नाम उरलंच नाही, सगळी विशेषणंच. ही उत्तरं घरी बसून मनानेच लिहिलीत का, असंही विचारलं. इथे मुलाकडे राहणाऱ्या, आपल्याच भागातल्या सिहोऱ्याच्या लीलाबाईंना मी विचारून आले. असं कोणी बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं.

मायला हे माहीत नसेल, असं होणं नाही. मी हरून परत यावं म्हणून तिने मुद्दाम चुकीचं सांगितलं असेल तर मला फार वाईट वाटेल. वाटतंच आहे. तिला सरळ विचार आणि ती म्हणेल ते न गाळता लिही.

तुझ्या पत्राकडे डोळे आहेत.

हर्षा

एकोडी,
३० जुलै

ति. ताईस,
सा. जयभीम, वि. वि.

मायले इचारलं. आधी चिडली. मंग म्हने, पोरीच्या हापिसातून इचारना आली होती. आपून नाही म्हटलं अन् शब्द नापास झाला, तर हापिसवाले पोरीलेच घरी पाठवतील. तिकडं एकटी रायते, तिले आपल्याच घरून ‘नाही’ कायले पाठवाचं. म्हनून सगळे पास केले. खरे शब्द सांगितल्यानं काम पक्कं होते हे मी तिले आत्ता सांगितलं, तर ते आधी सांगाचं होतं म्हनून मलेच बोलली.

आता तिचं खरं लिवून घे. भाजी रान नसते, रानातली असते. मासा तलाव नसते. असं कोनी बोललं तर मानूस हासंन म्हनते. कोंबडा गावरान असते, ते बरोबर हाये. तुह्या साहेबाले सांग का हे कार्ड आमच्या मायनं, पार्वताबाईनं सोता सांगितलं.

ताईले बोलवू का म्हनून मी इचारलं. त्याले मातर तिनं हो म्हटलं नाही. तुह्या आवडीची तरोट्याची रानातली भाजी आता कवळी हाये, मंग जरठ होते, एवढं लिव म्हने.

सोबत असू दे,
तुहा अश्वजित