लॉस शून्य टक्के

१० नोव्हेंबर, सोमवार
रामकिसनकाकांच्या मशीनचे आकडे ऑफिसात येईनात. वाळूजच्या या कंपनीत नेटवर्क माझ्याकडं. सहा महिन्यांचं प्रोबेशन संपत आलंय, पुढच्या सोमवारी कायम झाल्याचं पत्र!

ऑफिसच्या विंडोज कंप्युटरवरून पिंग केलं. पिंग म्हणजे मशीनला हाक मारायची, ओ येते का बघायचं. चार हाका, चार उत्तरं, लॉस, म्हणजे वाया गेलेल्या हाका, शून्य टक्के. रिपोर्टात लिहिलं — नेटवर्क ठीक, ऑपरेटर नोंद करत नसावा.

काका म्हणाले, "पोरी, मी रोज नोंदीचं बटन दाबतो. वायर बघ की एकदा." नाही बघितली. स्क्रीनवर शून्य दिसतंय, वायर कशाला बघू!

११ नोव्हेंबर
मॅनेजर राजेंद्रसरांनी काकांना पॅकिंगला टाकलं. मशीन सोमनाथला. वाईट वाटलं. पण मी काय करणार?

१३ नोव्हेंबर, गुरुवार
विंडोज अपडेटला बसलं होतं, म्हणून माझ्या लिनक्सच्या लॅपटॉपवरून सगळ्या मशीनना पिंग करत बसले. इथं ते चारवर थांबत नाही, कंट्रोल-सी दाबेपर्यंत हाका मारतच राहतं. काकांच्या मशीनला लॉस किती? शंभर टक्के!

विंडोज सुरू झाल्यावर तिथं परत केलं. शून्यच! मग वरच्या ओळी नीट वाचल्या. चारही उत्तरांपुढं पत्ता माझ्याच कंप्युटरचा. "तिथं पोचता येत नाही" असं तोच मला सांगत होता, अन् विंडोजनं तेही उत्तर म्हणून मोजलं. मी आपलं खालचं शून्य तेवढं वाचलं. गाढव!

मशीनमागं वायर उंदरानं कुरतडलेली. जेवणाच्या सुट्टीत गुपचूप बदलली.

१४ नोव्हेंबर
आकडे आले. सर लई खूश — "बघितलं? माणूस बदलला, आकडे सुरू!"

तोंड उघडलं होतं मी. मिटलं. पत्र हातात पडू दे, मग सांगते.

गेटवर काका भेटले. "बघितली का गं वायर?" "बघते," मी म्हणाले. एवढं खोटं! स्वतःचीच लाज वाटली.

१७ नोव्हेंबर, सोमवार
कायम झाले. पत्र घेऊन आधी पॅकिंगला गेले, काकांना सगळं सांगायला. गोजरबाई खोक्यांना टेप लावत होत्या.

"रामकिसन? शनिवारीच राजीनामा दिला की त्यानं. म्हणं, अठरा वर्षांत पहिल्यांदा खोटा ठरलो, आता इथं तोंड दाखवायचं नाय."