दोन ठोके, मग तीन

शुक्रवार पेठ, सोलापूर
मंगळवार

प्रिय सिद्धव्वा,

पोरी मजेत आहेत, हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं तू बसून वाचशील. काव्याची सर्दी गेली. संस्कृती तुझ्या वहिनीच्या हातच्या शेंगापोळ्या खाऊन अंगानं थोडी भरली आहे. दिवसातून दोनदा आपला फोन होतो, मग हे पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर मला तुझा श्वाससुद्धा ऐकू येतो, आणि तो जरा अडकला की मी बोलायचं ते सोडून दुसरंच बोलतो. म्हणून कागद घेतला. कागद काही हुंकार देत नाही.

तू बार्शीच्या स्टँडवर पोरींना एस्टीत बसवताना म्हणालीस, अण्णा, ती उन्हाळी शिबिरं आपल्याला परवडायची नाहीत, एवढा महिना त्यांना मोबाइलपासून लांब ठेव. मला वाटलं, त्यात काय मोठं. मी आठव्या वर्षी मागाच्या कांड्यांवर सूत भरायला बसलो, सुट्टीत रमवायला माझ्यामागं कोण होतं? पण तेरा आणि सोळा वर्षांच्या पोरींना बिनखर्चात रमवणं म्हणजे आठ माग एकट्यानं चालवणं आहे गं. एकाचा धागा जोडतोय तोवर दुसऱ्याचा तुटतो. पहिले चार दिवस सकाळी सिद्धेश्वर तळ्याला फेरी मारून आणलं, तर पाचव्या दिवशी दोघी उठेनात. वहिनीनं कुरडयांना बसवलं. संस्कृती म्हणाली, याला सुट्टी म्हणत नाहीत, याला मजुरी म्हणतात. वाचनालयात नाव घातलं, तर तिथल्या पंख्याखाली दोघी झोपून आल्या. शेवटी मीच माझा खेळ काढला. डोळ्यांवर उपरणं बांधून ओट्यावर बसायचं आणि गल्लीतून कोण गेलं ते नुसत्या चपलेच्या आवाजावरून सांगायचं. तुला माहीत आहे, चाळीस वर्षं मागांच्या खटखटात काढूनही माझे कान शाबूत आहेत. कापसाचे बोळे घालायचो म्हणून सगळे मला हसायचे. पोरींनी आठवडाभर परीक्षा घेतली. मी एकदाही चुकलो नाही. काव्यानं वहीत सगळं लिहून ठेवलंय, तारखेनिशी. लई अभिमान वाटला मला तेव्हा.

आता तुझी अट मोडली ते सांगतो. पोरींना आपल्या मागांच्या शेडमध्ये न्यायचं नाही, असं तू मला शपथ घालून सांगितलं होतंस. दुपारी घराचा पत्रा तापतो, कुलर गरम वारा फेकतो, आणि शेडच्या दगडी भिंतीत गारवा असतो. एवढंच कारण मी मनाला दिलं. काव्यानं तिसऱ्यांदा विचारलं, बाबा जिथं काम करायचे ती जागा एकदा दाखवा, तेव्हा मला नाही म्हणता आलं नाही. एक ते दोन जेवणाची सुट्टी असते, सगळे माग बंद असतात, धागा घेऊन पळणारे धोटे उडून लागायची भीती नाही. एक तास फिरवून आणू, म्हटलं.

त्यांना तिथं रमवायला आपल्या शेडची जुनी रीत शिकवली. माग चालू असताना माणसाचा आवाज पोचत नाही, म्हणून प्रत्येकाची ठोक्यांची एक खूण असते. मागाच्या लोखंडावर पान्यानं आपली खूण वाजवली की सगळ्यांना कळतं, अमका बोलावतोय. धागा तुटू दे नाहीतर चहा येऊ दे, खूण वाजते. पोरी हरखल्याच. काव्यानं स्वतःला तीन सलग ठोके घेतले, संस्कृतीनं एक लांब आणि चार बारीक. एक पुढच्या दाराशी, दुसरी दोन नंबरच्या मागाजवळ, आणि मग रोजच दोघींचं तासभर चाललेलं असायचं. मोबाइल पिशवीतून बाहेर निघाला नाही. मी मनात म्हटलं, गुरुशांत, जमलं तुला. फुकटात जमलं.

चौथ्या दिवशी संस्कृती सहज म्हणाली, मागचा माणूस पण चांगला खेळतो, पण अर्धंच वाजवतो. मी विचारलं, कोण मागचा? शेडच्या मागच्या कोपऱ्यात सहा नंबरचा माग आहे. मल्लिनाथ दाजी गेले तिथंच, त्याच्या पायाशी, छाती धरून. नऊ वर्षं झाली. त्या मागावर कुणी विणायला बसेना, भंगारात द्यायला माझा हात धजेना, म्हणून ताडपत्री टाकून ठेवलाय. तिकडं माणूस नसतो. कामगार त्या वेळी ओसरीत डबे खात असतात. पोरींनी बाबांची जागा विचारली तेव्हा मी उगाच दोन नंबरकडं बोट दाखवलं होतं. दाजींची खूण काय होती हेही मी सांगितलेलं नाही. ती होती दोन ठोके, जरा थांबून तीन.

मी काव्याला विचारलं, अर्धंच म्हणजे कसं. तिनं बोटानं टेबलावर वाजवून दाखवलं. दोन. मग ती थांबली आणि माझ्याकडं बघत राहिली, जणू पुढचं मी वाजवणार आहे.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः थांबलो. बाहेर ऊन असं होतं की कावळासुद्धा ओरडत नव्हता. सगळे माग एकदम बंद झाले की शेडमध्ये जी शांतता पडते ती कानावर हात ठेवल्यासारखी असते. पोरींचे ठोके चालू झाले. मी पंखा बंद केला. पत्रा तापून तडकतो तो आवाज मला ठाऊक आहे, उंदराचा ठाऊक आहे, भिंतीमागं रिक्षा उभी राहून थरथरते तोही ठाऊक आहे. हा त्यांतला नव्हता. बारा नंबरचा पाना, बिडाच्या लोखंडावर, हात जरा ढिला. दोन. मी श्वास धरून पुढचे मोजायला बसलो. पुढं काहीच आलं नाही. ताडपत्री उचलून बघितली. धूळ जशीच्या तशी होती, बोटाचा ठसासुद्धा नव्हता. लोखंड मात्र त्या उकाड्यात गार लागलं, माठासारखं.

मी वयाला दोष दिला असता. पण आपला नरसय्या तुला आठवत असेल, मागांच्या आवाजात कान घालवून बसलेला. ढोल वाजवला तरी त्याला कळत नाही. तो मागावर तळवा ठेवून धागा तुटल्याचं ओळखतो. शुक्रवारी तो डबा धुऊन आत आला, चार नंबरच्या लोखंडाला हात टेकून उभा राहिला, आणि त्याचं तोंड बदललं. हात तसाच ठेवून माझ्याकडं वळला आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाला, "मालक, दाजी बोलावतेत की. जावा तुमी."

पोरी तिथंच होत्या. संस्कृती माझ्या हाताला चिकटली. काव्या नाही घाबरली. तुझ्यासारखी आहे ती, भीती वाटली की हनुवटी वर करते. ती सरळ सहा नंबरकडं गेली, ताडपत्री बाजूला केली आणि पाना हातात घेऊन उभी राहिली. मी तिला हाक मारायला तोंड उघडलं. तेवढ्यात त्या मागातून दोन ठोके आले. आम्ही सगळ्यांनी ऐकले. ती जरा थांबली आणि तिनं तीन वाजवले. तिनं तिची स्वतःचीच खूण वाजवली असेल, मला माहीत नाही. पण पूर्ण झालं ते, सिद्धव्वा, नऊ वर्षांनी. त्यानंतर शेडमध्ये असं काही शांत झालं की मला माझ्या मनगटातली नाडी ऐकू येत होती.

काव्या पाना ठेवून माझ्याजवळ आली. रडत नव्हती. म्हणाली, "मामा, तुम्हाला तर गल्लीतली चप्पल ऐकू येते. मग बाबांचं कसं नाही आलं?" मी म्हटलं, चल, घरी वहिनी वाट बघत असेल. पोरीला मामी म्हणायचं सोडून वहिनी म्हणालो, एवढा गडबडलो. ती म्हणाली, आई रविवारी येणार आहे, उत्तरासाठी तोवर थांबते मी.

तर हे पत्र त्यासाठी. दाजी गेले त्या दिवशी मी सगळ्यांना सांगितलं, खटखटात काय ऐकू येणार. तू माझे हात धरून म्हणालीस, अण्णा, तुझा काय दोष त्यात. मला ऐकू आलं होतं. आदल्या दिवशी आमचं वाजलं होतं. दाजींना स्वतःचे दोन माग टाकायचे होते, आणि हाताखालचा, माग दुरुस्त करणारा चांगला जॉबर जातोय म्हणून मी त्यांना चार माणसांत नको ते बोललो होतो. सकाळी खूण वाजली, दोन आणि तीन. मला वाटलं, तोच विषय काढायला बोलावतायत. पुन्हा वाजली. म्हटलं, बघू दे वाट. तिसऱ्यांदा नुसते दोन वाजले आणि थांबलं. कंटाळले असतील, म्हणून मी चहा पूर्ण केला. शेवटचे दोनच होते, हे माझ्याशिवाय या जगात कुणालाही माहीत नाही. मी कुणाला सांगितलेलंच नाही. रविवारी ये. एस्टीतून उतरून माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल, पोरींना लगेच घेऊन निघालीस तरी चालेल. पण काव्याला सांगताना तू समोर बस. मी एकट्यानं सांगितलं तर ती मला माफ करून टाकेल, वय आहे तिचं तसलं. तू समोर असलीस तर तिला माझ्यावर रागावता येईल.

अजून तरी तुझाच म्हणवून घेणारा,
अण्णा