चोवीस पावटे आणि एक ओहोटी

तालिसाय बेट,
१ मार्च २००१

चि. दोय यास,
थोरल्या बहिणीचे, तुझ्या मानांगचे अनेक आ. वि. वि.

आम्ही सगळे खुशाल. तू कुठे आहेस ते मात्र देवाला ठाऊक. बेकरी सोडलीस, गाड्या धुण्याचं सोडलंस, आता म्हणे मनिलात कुठल्या हॉलमध्ये खुर्च्या मांडतोस. तिथे तरी बूड टेकेल का? तैवानच्या बोटीवर जायचं खूळ पुन्हा डोक्यात आहे, हे मला पत्रं आणणाऱ्या बोटवाल्याने सांगितलं. तू न सांगितलेलंही मला कळतं, हे लक्षात ठेव.

इकडे एक काळजी उभी राहिली आहे. गावासमोरचं, ओहोटीला उघडं पडणारं सगळं खडप नगरपालिका तीन वर्षं बंद करणार म्हणतात. मासे वाढावेत म्हणून. २७ तारखेला सभा आहे आणि ती फक्त कोळ्यांची. कोळी कोण, तर ज्याचं नाव नोंदवहीत आहे तो. मी जाऊन वही पाहिली. पान सापडलं. लोरेता अबेल्यानोसा, वय तेहतीस. काम : काही नाही.

तीन वर्षं शिंपल्या, शंख, कालवं बंद झाली तर या घरात भाताबरोबर खायला काय, ते मला ठाऊक नाही. तुझे भावजी जहाजावर आहेत ते कधी येतील तेव्हा येतील. पोरं तर रोज जेवतात. शेजारची म्हातारी नांग बेबांग ऐंशीची आहे, तीही अजून रोज पाण्यात उतरते. तिच्या नावापुढेही तेच लिहिलंय. म्हातारी म्हणाली, काही न करता माझी कंबर मोडली कशी, ते त्या वहीलाच विचार.

हे कुणी सांगितलं असेल रे त्या नोंदणीवाल्याला? मी तर त्या दिवशी घरी नव्हते. पत्र लिही, जेवत जा, पोरांवर आहे तशी माझ्यावरही माया राहू दे.

तुझी,
मानांग लोरेता

*

मनिला,
१० मार्च २००१

ती. मानांगच्या चरणी,
तुझा हात माझ्या कपाळाला लावून सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा मी पावटे मोजत होतो. हसू नकोस, माझं कामच ते होतं. इथे पाच दिवसांचं शिबिर झालं. निरनिराळ्या प्रांतांतून तीस जण आले होते, सगळे सरकारी मोजणीवाले. बायकांचं आणि पुरुषांचं जगणं वेगवेगळं कसं मोजायचं, ते शिकायला. मी स्वयंपाक्याला म्हणालो, आता काय आकड्यांनाही झगा घालणार? तो म्हणाला, तू खुर्च्या लाव. शिबिर घेणाऱ्या बाई म्हणजे माम पेरपेतुआ. बुटक्या, पांढऱ्या केसांच्या, आवाज एवढा बारीक की सगळ्यांना गप्प बसावंच लागतं. पहिल्याच दिवशी त्यांनी मी लावलेल्या रांगा मोडून खुर्च्या गोल लावायला सांगितल्या. म्हणाल्या, इथे कुणी मागच्या रांगेत बसायचं नाही. मी मनात म्हटलं, मग मी कुठे उभा राहू?

त्यांची शिकवायची तऱ्हाच वेगळी. फळ्यावर काही लिहून देत नाहीत. प्रत्येकाला एक मोठा तपकिरी कागद, त्यावर घड्याळासारखा गोल काढायचा, आणि चोवीस पावटे. एक पावटा म्हणजे एक तास. आपल्या ओळखीच्या एका बाईचा कालचा दिवस त्यावर मांडायचा. एकतीस पुड्या मीच बांधल्या होत्या, एक जास्त. मामनी ती माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, तू पण बस.

मी तुझा दिवस मांडायला घेतला. झोप, चूल, धुणं, पोरं. मग खडप. तीन पावटे हातात घेतले आणि अडलो. ठेवू कुठे? परवा ओहोटी सहाला, काल पावणेसातला, आज साडेसातला. बाकी सगळ्यांच्या कागदांवरचे पावटे गप्प बसून होते, माझेच सरकत होते. खडपाचे सरकवले की चुलीचे उठवावे लागत, चुलीचे उठवले की झोपेचे. माम मागे येऊन कधी उभ्या राहिल्या कळलं नाही. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हणालो, माम, माझ्या बहिणीचं घड्याळ चंद्राकडे आहे, ते या कागदावर राहत नाही.

मानांग, सगळा हॉल माझ्या कागदाभोवती जमला. मी, तिसरीत शाळा सोडलेला, आणि ते चष्मेवाले गुडघे टेकून माझे पावटे बघतायत. एक करड्या केसांचे साहेब होते, वीस वर्षं मोजणीचे कागद तयार करणारे. ते हळूच म्हणाले, आपल्या कागदात मासेमारी म्हणजे होडी आणि जाळं. ही बाई चालत जाते. हिला आपण कुठेच धरलेलं नाही.

मग मामनी विचारलं, मोजणीवाला आला तर तुझी बहीण काय करते म्हणून सांगशील? मी हातातले पावटे खाली ठेवले.

कारण नोंदणीवाल्याला ते सांगणारा मीच होतो, मानांग. गेल्या वर्षी तू पाण्यात होतीस आणि मी पडवीत लोळत होतो. त्याने विचारलं, मी म्हणालो, काही करत नाही, घरीच असते. खाली सहीपण केली. मला खोटं बोलायचं नव्हतं. आपल्याकडे होडी घेऊन जातो तो मासेमारीला जातो, आणि तू नुसती कालवणाला काही मिळतंय का ते बघायला जातेस, असंच आपण सगळे म्हणतो ना?

मी हे तिथे सगळ्यांसमोर सांगितलं. कुणी हसलं नाही. मामनी विचारलं, तू लहानपणी काय खाल्लंस? मी म्हणालो, ती आणायची ते. किती वर्षं? आई गेली तेव्हा ती नऊची होती, तेव्हापासून, चोवीस वर्षं. माम फळ्याकडे गेल्या, लिहिलं : या देशात अशा बायका किती? आणि पुढे जागा रिकामी सोडली. त्या रिकाम्या जागेकडे तीस शिकलेली माणसं बघत उभी राहिली. चहा निवला. माझ्या अंगावर जो काटा आला तो तुला सांगता येत नाही. समुद्रात पहिल्यांदा डोकं बुडवून खाली बघितलं होतं, तेव्हा आला होता तसा.

आता तू मला काय शिक्षा देशील ती दे. पण पत्र टाक. अपराधी धाकट्यावरची माया पातळ करू नकोस.

तुझा,
दोय (क्रिसान्तो)

*

तालिसाय,
१७ मार्च २००१

चि. दोय यास अनेक आ. वि. वि.

वेड्या, वहीत खाली तुझी सही मी तेव्हाच पाहिली होती. खेकडा वाळूवर चालून गेल्यासारखं अक्षर दुसऱ्या कुणाचं असणार? तू आपणहून सांगतोस का, एवढंच बघत होते. सांगितलंस. जीव भांड्यात पडला.

आणि दुसरंही ऐक. दोन रात्री मी विचार करतेय. त्या दिवशी मी घरी असते, तर त्याला काय सांगितलं असतं? तेच सांगितलं असतं. काही करत नाही. शिक्षा तुला एकट्याला कशी देऊ?

तुझं पत्र मी विहिरीवर वाचून दाखवलं. पावटे कुणाकडे उधळायला नाहीत, आम्ही शिंपल्या मांडल्या. एकेचाळीस जणी जमल्या. प्रत्येकीच्या शिंपल्या सरकत होत्या आणि सगळ्यांच्या एकाच वेळी सरकत होत्या. नांग बेबांगला मोजता येत नाही, ती नुसती बघत बसली आणि म्हणाली, अगं, आपण सगळ्या एकाच हपिसात आहोत की!

पण घोळ असा की सभा २७ला सकाळी आठला आहे. त्या दिवशी मोठी ओहोटी. आठला आम्ही सगळ्या खडपावर असणार. सभेला गेलो तर त्या दिवशीचं जेवण जाईल, नाही गेलो तर तीन वर्षांचं. आणि वहीत ‘काही नाही’ असताना आत घेतील का, तेही तुझ्या मामना विचार. लवकर कळव. बोट आठवड्यातून दोनदाच येते. प्रकृतीला जप, आणि मी रागावलेले नाही हे मनाला सांग.

तुझी,
मानांग

*

मनिला,
२१ मार्च २००१

ती. मानांग,
हात कपाळाला, बाकी नमस्कार वि. वि.

घाईत लिहितोय. मामना विचारलं. त्या म्हणाल्या, वहीत चुकीचं लिहिलेलं काम सभा संपेपर्यंत ज्याचं त्याला बदलून घेता येतं. त्यासाठी कुणाची चिठ्ठी लागत नाही, माझीसुद्धा नाही. नोंदणीवाल्याने मात्र बाईला समोर बघून विचारलं पाहिजे. आणि जाता जाता म्हणाल्या, मोजणाऱ्याने मोजायच्या माणसाकडे जायचं असतं. एवढंच. मी म्हणालो, माम, हे काय उत्तर झालं? त्या हसल्या आणि म्हणाल्या, तुझ्या बहिणीला कळेल.

तुला कळतंय का? मला नाही कळलं. तैवानचे कागद पेटीत तळाशी ठेवलेत. या शिबिराचं दुसरं सत्र मेमध्ये आहे आणि पावटे मोजायला माझ्याशिवाय कुणी नाही. तुझ्या पत्राच्या वाटेकडे डोळे लावून,

दोय

*

तालिसाय,
२८ मार्च २००१

चि. दोय यास अनेक, अनेक आ. वि. वि.

तुझ्या मामचं म्हणणं मला पत्र घडी घालेपर्यंत कळलं होतं. आम्ही सभेला गेलो नाही. गावप्रमुखाला निरोप ठेवला : आम्ही एकेचाळीस जणी कामावर आहोत, वही घेऊन इकडे या. तो म्हणे ओरडला की बायका डोक्यावर बसल्या. पण पालिकेचा नोंदणीवाला तरुण पोरगा आहे. तो म्हणाला, कामावर आहेत म्हणतात तर बघू तरी काय काम आहे. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, बूट हातात घेऊन तो खडपावर आला. मागून हळूहळू सगळी सभा आली. होडीवाले पुरुषही आले. त्यांच्यातल्या कित्येकांनी, दोय, एवढ्या आत कधी पाय टाकला नव्हता. बिचकत चालत होते.

तू हवा होतास. पाणी पार कड्यापर्यंत मागे गेलेलं, ऊन कोवळं, आणि जिकडे बघावं तिकडे बायका वाकलेल्या. दुरून बगळे वाटावेत. मी रोज त्यांच्यात वाकलेली असते, त्यामुळे हे उभं राहून कधी बघितलंच नव्हतं. काल बघितलं. एवढ्या जणी! एवढी वर्षं!

पोरानं टोपली पालथी घातली, त्यावर वही ठेवली. नाव? लोरेता. काम? मी म्हणाले, मासेमारी. होडी? नाही. जाळं? नाही. मग कशानं? म्हटलं, पायानं. वेळ? समुद्र सांगेल तेव्हा. त्याला तसा रकाना सापडेना. त्यानं समासात लिहिलं. एकेचाळीस समास भरले.

मग सभा तिथेच झाली, उभ्याने. नांग बेबांगनं काठीनं दाखवलं की उत्तरेच्या बाजूला शंख अंडी घालतात, तेवढं बंद करा, बाकी कशाला? होडीवाले म्हणाले, म्हातारीला ठाऊक असणार. तसंच ठरलं. उत्तर बाजू बंद, दक्षिण बाजू आमची. कुणी हात वर केले, कुणी टोपल्या. तोवर पाणी परत फिरलं होतं. घोट्याला, मग गुडघ्याला. परतताना पोरानं वही डोक्यावर धरली आणि आम्ही दोघींनी त्याला दोन्ही दंडांना धरून आणलं. तो म्हणाला, मला पोहता येतं हो. नांग बेबांग म्हणाली, तुझं कोण विचारतंय, वही भिजेल.

या पत्राबरोबर बोटवाल्याच्या हाती चोवीस शिंपल्या पाठवतेय, तुझ्या मामसाठी. म्हणावं, पावट्यांना किडे लागतात, या पुरतील.

किनाऱ्याला लागल्यावर पोरानं वही पुढे केली. पान तेच होतं. तुझ्या सहीच्या खेकड्यावर त्यानं आडवी रेघ मारलेली. खाली रकाना होता, माहिती कोणी दिली. मी ओल्या हातानं लिहिलं : स्वतः.

जेवत जा. आणि तुझ्या मानांगला अशीच पत्रं लिहीत राहा.

लोरेता