पुढचं गेट बंद केलं, आण्णा

आण्णा, ती टपरी हलली नाही. आधी हेच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुमच्या जिवाला उगीच आस लागायची नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली. मी त्याच कामाच्या नोकरीला लागले, जिल्ह्याच्या तंबाखू नियंत्रणाच्या खोलीत समुपदेशक म्हणून बसते, आणि तुमच्या शाळेसमोरची एक टपरी मला हलवता आली नाही. शाळा मात्र हलली. ती कशी, ते लिहायला बसलेय.

आपल्या स्वयंपाकघरात चुलीवरच्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी तुमची दोन तोंडांची डबी असायची, एकीकडं चुना, एकीकडं तंबाखू. आई भाकरी थापतेय, तुम्ही उंबऱ्यात बसून तळहातावर अंगठा फिरवताय, मग वरून थापा मारताय, आणि तो झणका नाकात जाऊन आई शिंकतेय. रोजचंच होतं ते. एकदा मी त्या डबीतली चिमूट उचलून जिभेवर ठेवली. तुम्ही बघितलंत आणि आयुष्यात एकदाच माझ्यावर हात उचललात. हाताला ओला चुना होता, माझ्या गालावर पांढरी बोटं उमटली. आई पदरानं गाल पुसता पुसता म्हणाली, "लेकराला काहून मारून राहिले? डबी तुमची, अन् मार तिला?" तुम्ही उठून अंगणात गेलात आणि पुन्हा मळायला बसलात. मला चापटीचा राग नव्हता आण्णा, त्या पुन्हा मळायला बसण्याचा होता. तो अजून गेलेला नाही.

शाळेत तुम्ही शुद्धलेखन सांगायचात ते हनुवटी वर करून, तोंडातलं सांडू नये म्हणून. आम्हा पोरांना पाठ होतं, हनुवटी वर असली की गुरुजी वाक्यं लहान सांगणार. मधल्या सुट्टीत गेटासमोरच्या टपरीवर तुमचा हिशेब वेगळा चालायचा, पुडी तुम्ही मागायच्या आधीच पुढं यायची. मग गालाच्या आत ती गाठ आली, ऑपरेशन झालं, आणि ज्या माणसाच्या पाढ्यांचा आवाज औंढ्याच्या रस्त्यापर्यंत जायचा त्याचं बोलणं घरातल्यांनाही दोनदा विचारावं लागायला लागलं. एक दिवस तोंडाला उपरणं बांधून तुम्ही मला शाळेकडं घेऊन गेलात. टपरीपुढं उभं राहून त्या म्हाताऱ्या टपरीवाल्याला म्हणालात, "इथून उठ. लेकरं येतात." त्याला कळलं नाही. मी तुमचं बोलणं त्याला सांगितलं. तो हसला, वाईट मनानं नाही, आणि म्हणाला, "गुरुजी, तुमीच तं माझं पयलं गिऱ्हाईक." येताना तुम्ही माझं मनगट धरलं होतं. "तू उठव," एवढंच म्हणालात, आणि मी हो म्हणाले. त्यानंतर फार दिवस तुम्ही राहिला नाहीत.

मला वाटलं होतं, कायदा आहे, शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकता येत नाही, मग अडचण कसली? आता सांगते कसली ते. जिल्ह्याला आमची समन्वय समिती बसते. समन्वय म्हणजे सगळ्यांनी एका टेबलाभोवती बसायचं आणि काम शेजाऱ्याकडं सरकवायचं. शिक्षणवाले म्हणतात, टपरी शाळेच्या जागेत नाही, रस्त्यावर आहे. ग्रामपंचायत म्हणते, रस्ता बांधकामवाल्यांचा. अन्न-औषधवाले म्हणतात, गुटखा सापडला तर आम्ही येऊ, सुटी तंबाखू आमच्याकडं येत नाही. पोलीस म्हणतात, पत्र द्या, बंदोबस्तातून माणूस मोकळा झाला की पाठवतो. आणि आमचं आरोग्य खातं सगळ्यांना पोस्टर वाटतं, सडलेल्या जबड्याचं. त्या पोस्टरकडं मी बघत नाही, तुम्हाला ठाऊक आहे काहून ते. एकदा एक साहेब तंबाखूमुक्तीवर बोलायला उभे राहिले, तर त्यांची हनुवटी वर. मी वहीत तोंड खुपसलं. हसू येत होतं का रडू, माझं मलाच कळेना.

तरी मी पाठ सोडली नाही. जवळा बाजारच्या आठवडी बाजारात पोलिसांना गाठलं, अन्न-औषधच्या बाईंना घरी फोन केले, आमची जीप मागून घेतली. दोनदा सगळे एकाच गाडीत बसून निघालो आणि दोन्ही वेळा टपरीला कुलूप. आम्ही फाट्यावर पोचायच्या आधी आमची बातमी पोचलेली. गाडीत बसलेल्यांपैकीच कुणीतरी फोन केला असणार. कुणी केला ते मी विचारलं नाही, पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच माणसांसोबत त्याच गाडीत बसायचं होतं मला.

मग वरून निरोप आला की सगळ्या शाळा तंबाखूमुक्त जाहीर करायच्या आहेत, राहिल्यात त्या लवकर उरका. आपली शाळा राहिलेली. म्हणून पाहणी ठरली. शिक्षणवाल्यांनी गेटाला टेप लावला, टपरी सरळसरळ शंभर यार्डांच्या आत आली. मी मनात म्हटलं, आता सुटका नाही. मग शिक्षणवाल्या साहेबांनी मुख्याध्यापकांना विचारलं, "सर, मागं गेट काढता येईल का?" आण्णा, मला आधी कळलंच नाही ते काय विचारतायत. मग कळलं. गेट मागं नेलं तर अंतर मागच्या गेटापासून मोजायचं, आणि टपरी आपोआप हद्दीबाहेर.

मी भांडले. म्हटलं, नियमात गेट नाही, कुंपणाच्या भिंतीपासून मोजायचं लिहिलंय. साहेब शांतपणे म्हणाले, "मॅडम, भिंत कुठंय?" खरंच नव्हती. तुमच्या वेळची ती भिंत कधीच पडली, आणि बांधकामवाल्यांनी ती कागदावरूनही काढून टाकलेली. पुढं फक्त दोन खांब आणि त्यांच्यामध्ये गेट उभं. पोरं गेटातून येतच नाहीत, बाजूनं कुठूनही येतात. मुख्याध्यापक तुमच्याच हाताखाली शिकलेले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, आमी काय करावं सांगा. गेट सरकवणं माझ्या हातात हाय, टपरी न्हाई." त्यांचंही खोटं नव्हतं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय.

आठवड्यात पुढच्या गेटाला वेल्डिंग झालं. मागं बाभळी तोडून नवं गेट बसलं, तिथून टेप लावून पिवळी रेघ ओढली, रेघेच्या पलीकडं टपरी. सगळ्या खात्यांच्या सह्या झाल्या. आरोग्य खात्यातर्फे माझी. एवढे विभाग एका दिवशी एका कामाला एकत्र आलेले मी नोकरीत पहिल्यांदा बघितले. फोटो निघाले, बिस्किटं आली, आणि जाताना दोघंतिघं त्याच टपरीवर थांबले.

मी पण थांबले, रिकाम्या हातानं. आता त्या म्हाताऱ्याचा पोरगा बसतो तिथं. त्यानं मला ओळखलं, बाकडं पुसून दिलं. म्हणाला, "ताई, गुरुजी माझ्या बापाला उठ म्हणले होते. मी तवा हितंच बसलेलो. आमी उठलो न्हाई. शाळाच उठली." त्यात टोमणा नव्हता. त्यालाही ते विचित्रच वाटून राहिलं होतं. त्याच्या मागं वेल्डिंग केलेलं गेट, आणि गेटाच्या बाजूनं, जिथं भिंत नाही तिथून, सुटलेली पोरं रस्त्यावर येत होती. दोघी पोरी सरळ टपरीवर आल्या. त्यांनी गोळ्याच घेतल्या, पण गोळ्यांच्या बरण्यांवरच पुड्यांच्या माळा लटकलेल्या होत्या, त्यांच्या डोक्याला लागत होत्या.

आण्णा, मी थकले. पूर्वी वाटायचं, नेटानं काम केलं तर एक टपरी तर हलेल. आता तसं वाटत नाही. आमच्यात दुष्ट कुणी नाही हो, हेच जास्त लागतं मनाला. प्रत्येकानं आपल्या वाट्याचं काम चोख केलंय, आणि सगळं मिळून असं झालंय. हे पत्र कुठं पाठवायचं? आमच्या ऑफिसातून पत्र जायचं तर जावक क्रमांक लागतो, आणि तुम्ही कुठल्याच खात्यात येत नाही आता. घडी घालून पर्समध्ये ठेवीन.

एक मात्र सांगते. परवा पुन्हा शाळेवर गेले होते. मुद्दाम लांबून वळसा घेतला आणि मागच्या गेटानं आत गेले. टपरीची लाज वाटते म्हणून नाही. पुढं टपरीवर कुणीतरी कायम मळत बसलेलं असतं, आणि तो झणका आला की तुम्ही उंबऱ्यात बसलात असं वाटतं, आणि मला तिथून निघवत नाही.