धबधबा कसा होता?

प्रिय ताई,

काल लॉजच्या स्वयंपाकीणबाईंनी भांडी विसळता विसळता विचारलं, "धबधबा कसा होता रे?" तिथेच माझा सगळा बेत फिरला.

तब्येत उत्तम आहे. खोकला जवळजवळ गेला. लॉजवर कामाला लागलोय; चादरी घालण्यात माझा हात इथे कुणी धरत नाही.

तर मी त्यांना मोबाईल दाखवला. त्या म्हणाल्या, "फोटो दिसला. तू काय पाहिलंस?" धबधब्यासमोर उभा राहून मी एवढंच ठरवत होतो, की 'तू जग कुठे पाहिलंयस?' म्हणणाऱ्या कॉलेजातल्या त्या मुलीला यातला कुठला फोटो पाठवावा. त्याच रागात कॉलेज सोडलं ना मी. तिने अजून एकाही फोटोला उत्तर दिलेलं नाही.

दळण घेऊन आलो तरी तू विचारायचीस, "काय पाहिलंस?" आणि गिरणीतल्या पिठाने माखलेल्या मांजरावर मी अर्धा तास बोलायचो. अजून विचारशील ना?

बाबा माझं नाव काढतात का? पत्राआधी मीच घरी पोचलो, तर दारात आधी तू ये.

बाईंनी डबा बांधून दिलाय. मोबाईल पिशवीच्या तळाशी टाकलाय. वाटेत दिसेल ते तुला सांगायला आणतो. निघालो, दार ओढून घेतो.

तुझा,
डोक्यात राख घालून गेलेला धाकटा